एडक्याचा कान

"आधी खाली बस तू. गेल्या साली त्या एडक्यानं एक लांडगा मारला हुता, औंदा तीन कसं झालं?"

तात्या ओरडत होते. शाळेच्या ओसरीत सगळी वस्ती मांडी घालून बसली होती आणि तात्यांच्या काठीचं टोक माझ्या नाकापासून चार बोटांवर आलं होतं. मी एकटाच उभा होतो. गोष्ट सांगताना मी बसत नाही. बसून सांगितली की गोष्ट बुटकी होते.

"तात्या, लांडगं पयल्यापासनं तीनच हुतं," मी म्हणालो. "गेल्या साली पावण्यांना एसटी गाठायची हुती, म्हणून एकावर भागवलं."

ओसरी हसली. बायकांच्या बाजूला तर पदर तोंडात गेले. मला वाटलं, झालं, जिंकलो. लोक हसले म्हणजे लोकांनी मानलं, असा माझा तेव्हा समज होता, आणि तिशी उलटली तरी तो कुणी काढला नव्हता.

आमच्या वस्तीचं नाव एडक्याचा माळ, म्हणजे मेंढ्याचा माळ. बारामतीहून इंदापूरकडं निघालेली गाडी अंथुर्ण्याच्या आसपास आली की कंडक्टर आमच्या फाट्यावर दोरी ओढायचा आणि म्हणायचा, "चला, एडकं उतरून घ्या." सगळी गाडी आमच्याकडं बघायची. आम्ही पिशव्या सांभाळत, मान खाली घालून उतरायचो. एवढा अपमान रोज सोसायचा तर नावाला कारण तरी दांडगं पाहिजे की नाही? पण कारण कुणाला ठाऊक नव्हतं. तलाठ्याच्या दप्तरात नाव होतं, नावाचं कारण नव्हतं. कुणी म्हणायचं, माळाचा आकारच बसलेल्या एडक्यासारखा हाय. मी चारी दिशांनी बघितला, एकदा लिंबावर चढून बघितला. पालथ्या घमेल्याशिवाय मला काही दिसलं नाही. कुणी म्हणायचं, हितं पूर्वी एडक्यांच्या टकरी लागायच्या. कुणाबरोबर कुणाच्या, हे विचारलं की तो माणूस तंबाखू मळायला लागायचा.

तेव्हा कारण मी तयार केलं. तयार केलं असं मी आता म्हणतो. तेव्हा मी म्हणायचो, पणजोबांनी आजोबांना सांगितलं, आजोबांनी वडिलांना, आणि वडिलांनी मरताना फक्त मला.

माझ्या गोष्टीतला एडका म्हणजे कळपाचा राजा. शिंगं अशी की त्यांना दोर बांधून दोन पोरी झोका घ्यायच्या. सुप्याच्या बाजूच्या रानातून लांडगे यायचे. या एडक्यानं त्यांना भर सकाळी, माणसांच्या डोळ्यांदेखत अंगावर घेतलं, एकेकाला शिंगावरून पाटापलीकडं फेकलं, आणि मग कळप मोजून, सगळी मेंढरं शाबूत आहेत अशी खात्री करून, मगच प्राण सोडला. एडक्याला मोजता कसं येतं असं एकदा एका आरोग्यसेविकेनं विचारलं होतं. मी म्हणालो, "ताई, त्या काळातली जनावरं वेगळी होती." ती पोलिओचे डोस द्यायला आली होती, ती डोस पेटीत ठेवून ऐकत बसली. एकदा फाट्यावर वऱ्हाडाची गाडी पंक्चर झाली. मी गोष्ट सुरू केली. चाक बसून पाऊण तास झाला तरी वऱ्हाड हलेना. तिकडं नवरी मांडवात उभी आणि मुहूर्त टळून गेला. ते लग्न गोरज मुहूर्तावर लावलं आणि संसार उत्तम झाला. हे मी खरं सांगतोय.

तर अशी माझी गोष्ट. आणि त्या उन्हाळ्यात, नव्वदच्या दशकाचा मध्य असेल, गुरुजींनी जाहीर केलं की बारामतीहून पेंटर येणार आहे. ट्रॅक्टरवर नावं टाकणारा, पण अक्षर मोत्यासारखं. तो शाळेच्या भिंतीवर 'गावाची ओळख' रंगवणार: लोकसंख्या, विहिरी, झाडं, आणि सगळ्यात वर, पाच ओळींत, नावाचा इतिहास. ऑइल पेंटमध्ये. एकदा भिंतीवर चढलं की चढलं. त्या पाच ओळी ठरवायला ती सभा होती, आणि त्या ओळी माझ्याच असणार यात मला शंका नव्हती. घरी मी बायकोला सांगूनही टाकलं होतं की मुंबईचे पाहुणे आले की त्यांना आधी शाळेकडं न्यायचं.

तेवढ्यात दादा उठला.

दादा म्हणजे माझा भावकीतला लांबचा चुलतभाऊ. माझ्यापेक्षा अकरा दिवसांनी मोठा. या अकरा दिवसांच्या जोरावर जन्मभर मी त्याला दादा म्हणत आलो. त्याचं डाळिंब होतं, ठिबक होतं, जीप होती, रंगीत टीव्ही होता, आणि टीव्हीवर धूळ बसू नये म्हणून त्याच्यावर घातलेलं भरतकामाचं कापडही होतं. त्याच्या गोठ्यातल्या गाईसुद्धा माझ्या गाईकडं बघून तोंड फिरवायच्या. आणि हे सगळं पाण्यामुळं. त्याचं रान पाटाच्या खाली, माझं पाटाच्या वर. माझ्या रानातल्या बाजरीला पाटाचं पाणी नुसतं दिसायचं. मला वाटतं ते दिसल्यामुळंच ती जास्त वाळायची.

बरं, यात कुणाला शिव्या द्याव्या तर तीही सोय नव्हती. आमच्यात वाटणीची रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. त्याचे पणजोबा थोरले, माझे धाकटे. थोरल्यानं दोन वाटे पाडले, पाटाच्या वरचा आणि खालचा. आणि माझ्या पणजोबांनी, पूर्ण शुद्धीत, पाच माणसांदेखत, वरचा उचलला. वर चारा चांगला. खाली ओल, आणि ओलीनं मेंढरांची खुरं कुजतात. मेंढरांच्या हिशेबानं माणूस शंभर टक्के बरोबर होता. फक्त मेंढरं गेली आणि रान राहिलं. लहानपणी दादाच्या हिरव्या उसाकडं बघत मी पणजोबांच्या फोटोला नमस्कार करायचो तेव्हा एक डोळा उघडा ठेवायचो.

पण एक गोष्ट माझी होती. दादाला बोलता येत नव्हतं. लग्नात आहेर पुकारायला उभा केला तर त्यानं स्वतःच्या सासऱ्याचं नाव विसरून दाखवलं होतं. पाणी तुला, गोष्ट मला, असा मी मनाशी हिशेब मिटवला होता.

तर दादा उठला, टोपी काढली, परत घातली, आणि म्हणाला, "आमच्या घरी आसं सांगत्यात. थोरलं पणजोबा घाटाकडनं मेंढरं घिऊन परत येत हुतं. हितं आल्यावर एडका लंगडाया लागला. म्हणून आठ दिस थांबलं. मग कुणीतरी म्हणलं, थांबलायसा तर रानात मेंढरं बसवा, खत व्हईल. ती बसवली. मग आणिक एकानं सांगितलं. मग राह्यलंच."

एवढं बोलून तो बसला. मला वाटलं, ही सुरुवात असेल. पुढं लांडगा येईल, निदान कोल्हा. पण गोष्ट संपली होती.

मी हसणार होतो. ओसरीकडं बघितलं तर कुणी हसत नव्हतं. म्हाताऱ्या माना हलवत होत्या. रानात मेंढरं बसवणं सगळ्यांनी बघितलं होतं, लंगडणारा एडका सगळ्यांनी बघितला होता, आणि जायचं म्हणून न गेलेली माणसं तर घरोघर होती. तात्यांनी काठी खाली ठेवली.

"ह्ये खरं वाटतंय," तात्या म्हणाले.

खरं वाटतंय. वीस वर्षं मी घसा फोडून सांगत होतो तेव्हा लोक हसले, टाळ्या दिल्या, चहा पाजला, पण 'खरं वाटतंय' असं एका माणसानं कधी म्हटलं नव्हतं. आणि या मुखदुर्बळानं एक लंगडा एडका आणला, त्याला धड मारलासुद्धा नाही, आणि वस्ती त्याच्या मागं गेली. पाणी होतं, डाळिंब होतं, जीप होती. आता गोष्टही त्याचीच.

मी तसाच उभा राहून म्हणालो, "एडका थोरल्यांचा कशावरनं? धाकट्यांचा असंल. पुरावा दाखवा."

गुरुजी म्हणाले, पुरावा हवाच, भिंतीवर काहीही लिहून चालणार नाही. मग सगळे तात्यांकडं बघायला लागले. तात्या आमच्या भावकीतले नव्हते, आणि हयातभर कळपामागं हिंडलेला वस्तीतला तो शेवटचा माणूस. बाकी आम्ही सगळे मेंढपाळाच्या घरातले, पण मेंढरू धरायचं कसं हे विचारलं तर इकडंतिकडं बघणारे. माझ्या वडिलांनी कळप विकला तेव्हा मी पाळण्यात होतो.

तात्या म्हणाले, दगड बघू.

माळाच्या उतारावर, पाटाच्या भरावापासून हाकेच्या अंतरावर, लिंबाखाली एक दगड आहे. त्यालाच आम्ही एडका म्हणतो आणि दर रविवारी त्याच्यावर भंडारा टाकतो. आता तो एडका आहे, की नंदी आहे, की बसलेलं कुत्रं, हे मी आजही शपथेवर सांगणार नाही, कारण त्याच्यावर शेंदराची इतकी पुटं होती की आत जिराफ असता तरी कळलं नसतं. पण तात्यांचा मुद्दा वेगळा होता. भाऊ वेगळे झाले की कळपाला खूण बदलायची. कानाला खाच मारायची. आमच्या भावकीत थोरल्यांनी उजव्या कानाला मारली, धाकट्यांनी डाव्या. हे सगळ्यांना पाठ होतं. दगड ज्यानं घडवला त्यानं एडका डोळ्यांसमोर ठेवून घडवला असणार, मग खाचही काढली असणार. जुना शेंदूर असाही उतरवायला झाला होता. रविवारी उतरवायचा, कान बघायचा, आणि तो सांगेल ते भिंतीवर.

सभेत मी मान डोलावली. घरी जाऊन मी जेवलो नाही.

चार दिवस मी दादाच्या डाळिंबाकडं बघत काढले. खाच उजवी निघाली तर? पोरं शाळेत जाता येता वाचणार, कंडक्टर वाचणार, पाहुणे वाचणार. माझ्याच दारावरून जाताना लोक म्हणणार, ते बघा, ज्यांचा एडका होता ते तिकडं राहतात, खाली, जीपवाले. शुक्रवारी मी ठरवलं. भर दुपारी, चैत्राच्या उन्हात, जेव्हा वस्तीतली कुत्रीसुद्धा हौदाच्या सावलीत मेल्यासारखी पडतात, तेव्हा मी धोतराच्या घडीत कानस आणि बायकोचं उलथणं लपवून निघालो. ऊन असं होतं की पाखरं चालत जात होती.

उलथणं कानाखाली सारलं. उन्हानं शेंदूर तडकला होता. कानावरचं टोपण अख्खं निघून हातात आलं, भाकरीचा पापुद्रा निघावा तसं. आधी एका कानाचं, मग दुसऱ्याचं. मी वाकून बघितलं. बोट फिरवलं. तोंडानं फुंकर मारली.

खाच नव्हती. उजव्याला नव्हती, डाव्याला नव्हती. दोन्ही कान जन्मल्या दिवसासारखे साफ.

मी खाली बसलो. खरं सांगतो, क्षणभर मला बरं वाटलं. म्हणजे एडका कुणाचाच नाही. ना तुझा, ना माझा. मोकळ्या मनाचा माणूस असता तर टोपणं परत बसवून घरी गेला असता. पण मी त्या दगडाशेजारून खाली बघितलं आणि मला डाळिंबाच्या ओळी दिसल्या, प्रत्येक झाडाच्या मुळाशी थेंब थेंब पडणारं पाणी दिसलं, आणि मला वाटलं, देवानं दोन्ही कान कोरे ठेवले ते कशासाठी? माझ्यासाठीच.

मी दगडासमोर मांडी घातली, त्याच्या तोंडासमोर तोंड करून बसलो, आणि डाव्या कानाला कानस लावली. दोन तास घासलं. त्या दगडासमोर पोलादसुद्धा दह्यासारखं मऊ. कानस अर्धी झाली, माझा खांदा चार बोटं खाली आला. पण खाच निघाली, आणि काय निघाली. पणजोबांनीसुद्धा जिवंत एडक्याला इतकी रेखीव मारली नसेल. तिच्यात राख भरली, माती चोळली, तेलाचं बोट फिरवलं, शंभर वर्षांची दिसेपर्यंत. मग टोपणं बसवली, सांध्यावर ताजा शेंदूर लावला, आणि घरी येऊन तीन भाकरी खाल्ल्या. बायको उलथणं शोधत होती. ते मी गोठ्यात टाकून दिलं होतं.

रविवारी सगळी वस्ती लिंबाखाली जमली. गुरुजी वही घेऊन आले. दादा मागं उभा होता, पांढराशुभ्र सदरा घालून. मी पुढं, अगदी दगडासमोर, जागा धरून बसलो होतो, म्हणजे खाच दिसताक्षणी पहिला आवाज माझा निघावा.

तात्यांनी नमस्कार केला, देवाची माफी मागितली, आणि शेंदूर उतरवायला सुरुवात झाली. लाल ढलपे पडत गेले. कान उघडा पडला. खाच दिसली. बायकांनी आ केला. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "डावा."

तात्या माझ्याकडं बघत राहिले. मग ते दगडाला वळसा घालून त्याच्या मागं गेले. गुडघे टेकले. एक हात दगडाच्या पाठीवरून पुढं टाकला, दुसरा पोटाखाली घातला, जसं आयुष्यभर हजार वेळा केलं असेल तसं. मेंढरू पुढून धरत नाहीत, ते बुजतं. मागूनच धरायचं असतं, हे त्या क्षणी ऐंशी वर्षांच्या त्या म्हाताऱ्यानं एक शब्द न बोलता सगळ्या वस्तीला दाखवलं. मागून त्यांचा हात सरळ पुढं गेला आणि बोटं त्या खाचेवर थांबली.

"उजवा," तात्या म्हणाले.

माझ्या समोरचा डावा हा एडक्याचा उजवा होता. मेंढपाळाच्या पोटी जन्मून मी दगडाच्या समोर बसलो होतो, न्हाव्यापुढं गिऱ्हाईक बसावं तसा.

कुणीतरी दादाच्या अंगावर भंडारा उधळला. त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा सडा पडला. म्हाताऱ्या त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडायला लागल्या. गुरुजी लिहायला लागले. तो मधे उभा, आपण काय केलं हे न कळलेल्या बैलासारखा. माझा दोन तासांचा घाम, माझी कानस, माझा उतरलेला खांदा, आणि पिवळा सदरा त्याचा. पाटाचं पाणी त्याला गेलं ते पणजोबांच्या हातून. ही खाच तर माझ्या हातून गेली होती. मला सहन झालं नाही. माझं जे काय व्हायचं ते होवो, पण ती त्याला मिळू द्यायची नाही, असं मनात आलं, आणि मी उभा राहिलो.

"ती खाच मी मारलीय," मी ओरडलो. "शुक्रवारी. भर दुपारी. ह्या कानशीनं."

मी धोतराच्या घडीत राहिलेली कानस काढून दाखवली. मग मागून एक म्हातारी खुदकन हसली, आणि मग सगळेच. लोक एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसले. मी उलथण्याची हकीकत सांगितली, टोपणाची सांगितली, राखेची सांगितली. मी जितकं खरं सांगत गेलो तितके ते जास्त हसत गेले. मी आयुष्यात पहिल्यांदाच एक शब्दही न वाढवता सांगत होतो. दोन तास म्हणालो ते दोनच तास होते.

"कानस कुणाच्या घरी न्हाय?" एकजण म्हणाला.

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "उलथणं गोठ्यात सापडलं खरं. पर आमच्या घरात काय कुठं सापडंल, त्याचा नेम न्हाय."

तात्या अंगावरची माती झटकत उठले. "आता उद्या म्हणशील, ह्यो दगड बी मीच घडीवला," ते म्हणाले, आणि काठी टेकत निघून गेले. जाताना रागावलेले नव्हते, हेच वाईट होतं. माझ्यावर माया करत होते.

दादा मात्र हसला नाही. त्यानं माझ्याकडं एकदा बघितलं आणि सदऱ्यावरचा भंडारा झटकायला लागला.

त्याच्यापुढचा अपमान गुरुजींनी केला. संध्याकाळी घरी आले आणि म्हणाले, "त्यांनी सांगितलेलं फारच कोरडं आहे हो. पाच ओळी होत नाहीत, साडेतीनच होतात. तुमची भाषा चांगली आहे. तुम्ही लिहून द्या ना." मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणालो, कारण चांगली भाषा कुणाची आहे हे निदान एका माणसाला कळत होतं. रात्रीपर्यंत नाही, दिवा लावायच्या आतच लिहून दिलं. लंगडणारा एडका, आठ दिवसांचा मुक्काम, खतासाठी रानात बसवलेली मेंढरं. चौथ्या ओळीत मी एक लांडगा घातला, लहानसा, नुसता लांबून बघून निघून जाणारा. गुरुजींनी तो खोडला. त्या जागी 'थोरले' हा शब्द आला.

पेंटरनं निळ्या रंगात भिंत रंगवली. अक्षर खरंच मोत्यासारखं. मी शाळेवरून जाताना मान वळवायची नाही असं ठरवलं, आणि दिवसातून चार वेळा वळवायचो. माझी वाक्यं, माझा स्वल्पविराम, आणि खाली एडका त्याचा. पोरं मोठ्यानं वाचायची तेव्हा कान बंद करायचो, पण कुठं अडखळतात ते ऐकायला एक उघडा ठेवायचो.

दोन आठवडे असे गेल्यावर मला राहवेना. सगळी वस्ती मला खोटा म्हणाली तरी चालेल, पण ज्याच्या अंगावर भंडारा पडला त्याला तरी कळलं पाहिजे की तो कुणाच्या हातचा होता. ते कळलं की तो भिंतीकडं पूर्वीसारखा बघणार नाही, एवढंच मला हवं होतं. पाट ओलांडून मी त्याच्या रानात गेलो. तो डाळिंबाखाली उकिडवा बसून नळीचं भोक टाचणीनं साफ करत होता. मी सगळं परत सांगितलं. हसवायला नाही, शपथ घेऊन, हळू आवाजात. दोन्ही कान कोरे होते हेही सांगितलं. म्हणालो, दादा, तो एडका तुझा नाही, माझा नाही, कुणाचाच नाही. ती खाच माझी आहे.

त्यानं टाचणी बाजूला ठेवली नाही.

"मला म्हायतीय," तो म्हणाला. "दुपारची लाईट आली म्हणून मोटर चालू कराया आलो हुतो. भरावावरनं बघत हुतो."

"मग तवाच का न्हाय बोललास?"

"मी एडक्याच्या मागनं बघत हुतो," दादा म्हणाला. "तू उजवाच घासत हुतास. मी कशाला बोलू?"